पदवीपासून पेशापर्यंत : महाराष्ट्रातील अभियांत्रिकी विद्यार्थ्यांच्या व्यावसायिक जडणघडणीचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :

अभियांत्रिकी महाविद्यालयातून बाहेर पडणारा पदवीधर नोकरीसाठी कितपत तयार असतो, हा प्रश्न गेल्या काही दशकांत वारंवार चर्चिला गेला आहे. संवादकौशल्य, गटचर्चा, मुलाखततंत्र, प्रकल्प-व्यवस्थापन, औद्योगिक प्रशिक्षण इत्यादी विषयांवर महाविद्यालयांतून कार्यशाळा घेतल्या जातात आणि हा सर्व खटाटोप जागतिकीकरणानंतरच्या काळाची गरज म्हणून मांडला जातो. तथापि, 'शिकलेला विद्यार्थी कामाचा अभियंता कसा होतो?' हा प्रश्न १९९१ नंतर प्रथमच उपस्थित झाला, असे मानणे इतिहासाला धरून होणार नाही. महाराष्ट्रात तो अभियांत्रिकी शिक्षणाच्या प्रारंभापासूनच विचारला गेला आहे. प्रत्येक कालखंडात त्याला वेगळे उत्तर मिळाले आणि त्या उत्तराची किंमत वेगवेगळ्या घटकांनी मोजली, एवढाच फरक होय.

प्रस्तुत लेखात 'व्यावसायिक जडणघडण' ही संज्ञा व्यापक अर्थाने वापरली आहे. पुस्तकी ज्ञानाचे प्रत्यक्ष कामात रूपांतर करणे, वरिष्ठ व मजूर अशा दोहोंशी व्यवहार करणे, अहवाल लिहिणे, खर्चाचा अंदाज बांधणे आणि आपल्या निर्णयाची जबाबदारी स्वीकारणे या सर्वांचा तीत समावेश होतो.

अभ्यासाची उद्दिष्टे :

१) महाराष्ट्रातील अभियांत्रिकी विद्यार्थ्यांच्या व्यावसायिक जडणघडणीचे प्रमुख टप्पे निश्चित करणे.
२) प्रत्येक टप्प्यावर या जडणघडणीची जबाबदारी व खर्च कोणी उचलला, याचा शोध घेणे.
३) या इतिहासाच्या आधारे सद्यःस्थितीतील काही प्रश्नांची चिकित्सा करणे.

हा लेख ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीने लिहिला असून अभ्यासाची व्याप्ती मुख्यतः मुंबई इलाखा व नंतरचे महाराष्ट्र राज्य एवढीच मर्यादित ठेवली आहे.

१. प्रारंभ : देशी भाषेतील तंत्रशिक्षण आणि सरकारची गरज

पेशवाईच्या अस्तानंतर मुंबई सरकारला जमिनीची मोजणी, रस्ते व इमारती यांसाठी माहितगार माणसांची निकड भासू लागली. या गरजेतून १८२० च्या दशकात मुंबईत कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस यांच्या देखरेखीखाली अभियांत्रिकी शिक्षणाची एक संस्था सुरू झाली. या संस्थेतील अध्यापन मराठी व गुजराती भाषांतून होत असे आणि त्यासाठी जर्व्हिस यांनी शास्त्री-पंडितांच्या साहाय्याने गणितविषयक ग्रंथ मराठीत सिद्ध केले. पुढे १८४७ च्या सुमारास शिक्षण मंडळात माध्यमाचा वाद उद्भवला, तेव्हा अर्स्किन पेरी यांच्या इंग्रजीच्या आग्रहाविरुद्ध जर्व्हिस आणि जगन्नाथ शंकरशेट देशी भाषांच्या बाजूने उभे राहिले. मराठीतून भूमिती व मोजणी शिकवून कामाची माणसे घडविता येतात, हा अनुभव जर्व्हिस यांच्या गाठीशी होता.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही आगगाडी धावली. लवकरच सार्वजनिक बांधकाम खात्याची स्वतंत्र रचना झाली. रेल्वे, पूल, कालवे आणि धरणे यांच्या कामांसाठी लागणारे सर्व कनिष्ठ अधिकारी इंग्लंडहून आणणे सरकारला परवडणारे नव्हते. याच पार्श्वभूमीवर १८५४ मध्ये पुण्यात 'पूना इंजिनिअरिंग क्लास अँड मेकॅनिकल स्कूल' सुरू करण्यात आले. बांधकाम खात्यासाठी दुय्यम अधिकारी तयार करणे हा या संस्थेचा मूळ हेतू होता. अर्थात, येथे शिक्षण आणि नोकरी यांच्यात दरी असण्याचे कारणच नव्हते, कारण शिकविणारा आणि नोकरी देणारा एकच होता. मुंबई विद्यापीठाशी संलग्न झाल्यानंतर ही संस्था पदवीस्तरावरील परवाना-परीक्षेची केंद्र बनली. पुढे 'कॉलेज ऑफ सायन्स' आणि १९११ मध्ये 'कॉलेज ऑफ इंजिनिअरिंग' अशी तिची नामांतरे झाली. या काळात परीक्षेत अग्रस्थान मिळविणाऱ्या मोजक्या विद्यार्थ्यांना बांधकाम खात्यात सहायक अभियंत्याची जागा मिळत असे. उर्वरितांना दुय्यम श्रेणीवर समाधान मानावे लागे.

येथे एक बाब नमूद करणे आवश्यक आहे. १८७१ मध्ये इंग्लंडमध्ये कूपर्स हिल येथे खास भारतातील सेवेसाठी अभियांत्रिकी महाविद्यालय उघडण्यात आले आणि ते १९०६ पर्यंत चालले. तेथून येणारे तरुण आणि पुण्यात शिकलेले तरुण यांच्या वेतनात, बढतीत व प्रतिष्ठेत मोठे अंतर राहिले. म्हणजेच वसाहतकाळात हिंदी अभियंत्याची व्यावसायिक उन्नती केवळ गुणवत्तेवर अवलंबून नव्हती. तिच्यावर वांशिक मर्यादेचे छप्पर होते.

२. विश्वेश्वरय्यांचे पहिले काम : एक उदाहरण

पुण्याच्या या महाविद्यालयातून १८८३ मध्ये अंतिम परीक्षेत प्रथम क्रमांकाने उत्तीर्ण झालेले मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या १८८४ मध्ये मुंबई सरकारच्या बांधकाम खात्यात सहायक अभियंता म्हणून रुजू झाले. त्यांची आरंभीची नेमणूक नाशिक व खानदेश भागात होती. धुळ्याजवळ पांझरा नदीच्या पात्रातून नळाद्वारे पाणी पलीकडे नेण्याचे काम त्यांच्याकडे सोपविण्यात आले. पावसाळ्यात नदीला पाणी आले, खोदलेल्या जागी वाळू साचू लागली आणि काम अडले. तेव्हा पाऊस संपेपर्यंत काम थांबवावे, असे त्यांनी वरिष्ठांना लिहिले. वरिष्ठांना हे पत्र रुचले नाही. नवख्या अधिकाऱ्याने अडचणी पुढे करून काम टाळावे, हे शिस्तीला धरून नाही, असा त्यांचा सूर होता. विश्वेश्वरय्यांनी काम पुन्हा हाती घेतले आणि ते पूर्ण केले. उत्तरायुष्यात १९५१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मकथनात त्यांनी नोकरीच्या या प्रारंभकाळाविषयी लिहिले आहे.

या प्रसंगाकडे बहुधा जिद्दीचे उदाहरण म्हणून पाहिले जाते आणि ते योग्यही आहे. परंतु अभियांत्रिकी शिक्षणाच्या इतिहासाच्या दृष्टीने त्यात अधिक काही दडलेले आहे. द्रवगतिशास्त्रात प्रावीण्य मिळविलेल्या तरुणाला वरिष्ठांस अडचण कशी कळवावी, अडचणीसोबत पर्याय कसा सुचवावा आणि कोणत्या वेळी आपल्या मतावर ठाम राहावे, हे कोणत्याही वर्गात शिकविलेले नव्हते. ते त्याला नदीच्या पात्रात शिकावे लागले. मात्र शिकण्याची ही मुभा त्याला खात्याने दिली. पहिल्या चुकीनंतर तो नोकरीतून बाहेर फेकला गेला नाही. त्याला पुढील काम मिळाले, विभागीय परीक्षा देता आल्या आणि पगार चालू राहिला. त्याच अधिकाऱ्याने पुढे खडकवासल्याच्या धरणावर स्वयंचलित दरवाजे बसविले आणि नीरा कालव्यावरील सिंचनासाठी गटपद्धती सुचविली. म्हणजे खात्याने नवशिक्याच्या पहिल्या वर्षांत केलेली गुंतवणूक अनेक पटींनी परत आली.

३. गिरणी, कारखाना आणि स्वदेशी प्रयत्न

सरकारी बांधकाम हे एक क्षेत्र झाले. मुंबईच्या कापड गिरण्यांची गरज निराळी होती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गिरण्यांतील वरिष्ठ तांत्रिक पदांवर लँकेशायरहून आलेल्या युरोपीयांचे वर्चस्व होते. १८८७ मध्ये मुंबईत 'व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट' स्थापन झाली. तिच्या उभारणीत सर दिनशा पेटिट यांच्यासारख्या गिरणीमालकांचा वाटा होता. यंत्रशास्त्र व वस्त्रनिर्मिती या विषयांना तेथे प्राधान्य मिळाले. १९२३ मध्ये ही संस्था माटुंग्याला गेली आणि १९९७ मध्ये तिला वीरमाता जिजाबाई यांचे नाव देण्यात आले. नोकरी देणाऱ्या उद्योगाने शिक्षणाच्या खर्चात सहभागी होण्याचे हे पश्चिम भारतातील ठळक उदाहरण होय.

याच संस्थेत लक्ष्मणराव किर्लोस्कर यांत्रिक रेखाटनाचे शिक्षक होते. नोकरी सोडून ते बेळगावला गेले, सायकलींच्या दुकानापासून लोखंडी नांगरापर्यंत त्यांनी मजल मारली आणि १९१० मध्ये औंध संस्थानच्या हद्दीत कुंडल रोड स्थानकाजवळ किर्लोस्करवाडी वसविली. लक्ष्मणरावांकडे अभियांत्रिकीची पदवी नव्हती, तर त्यांचे चिरंजीव शंतनुराव अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स येथील प्रसिद्ध तंत्रसंस्थेत शिकून १९२६ मध्ये पदवीधर झाले. एका पिढीत हात आणि दुसऱ्या पिढीत पदवी, असा हा प्रवास आहे. मात्र दोन्ही पिढ्यांची खरी व्यावसायिक घडण कारखान्याच्या आवारातच झाली, हे लक्षात घेतले पाहिजे.

१९१६ ते १९१८ या काळात सर थॉमस हॉलंड यांच्या अध्यक्षतेखाली काम करणाऱ्या भारतीय औद्योगिक आयोगाने हाच मुद्दा धोरणाच्या पातळीवर मांडला. यंत्र-अभियंत्याचे शिक्षण कारखान्याच्या आधाराने व्हावे आणि सैद्धान्तिक वर्ग त्याला पूरक असावेत, असा आयोगाचा कल होता. त्याच सुमारास, १९२० मध्ये, 'इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्स' ही अभियंत्यांची अखिल भारतीय संस्था स्थापन झाली व १९३५ मध्ये तिला राजसनद मिळाली. महाविद्यालयात जाण्याची ऐपत नसलेल्या, नोकरी करीत शिकणाऱ्या हजारो ओव्हरसियर व आरेखकांसाठी या संस्थेच्या परीक्षा ही उन्नतीची शिडी ठरली. येथे क्रम उलटा होता : आधी काम, मग प्रमाणपत्र.

४. स्वातंत्र्योत्तर काळ : विस्तार आणि शिकाऊ उमेदवारी

स्वातंत्र्यानंतर धरणे, वीजकेंद्रे व अवजड उद्योग यांच्या उभारणीला वेग आला. १९४७ मध्ये सांगलीत सुरू झालेले अभियांत्रिकी महाविद्यालय पुढे वालचंद हिराचंद यांच्या नावाने ओळखले जाऊ लागले. १९५८ मध्ये पवई येथे भारतीय तंत्रज्ञान संस्था सुरू झाली. १९६० मध्ये कराड व औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालये स्थापन झाली. अभियांत्रिकी शिक्षण प्रथमच मुंबई-पुण्याबाहेरील मध्यमवर्गीय व शेतकरी कुटुंबांच्या आवाक्यात येऊ लागले.

या आशादायक काळातच १२ जुलै १९६१ ची दुर्घटना घडली. पानशेतचे अपूर्ण धरण फुटले, त्यामागोमाग खडकवासला धरणालाही भगदाड पडले आणि पुण्याचा नदीकाठ उद्ध्वस्त झाला. धरणाचे काम पूर्ण होण्यापूर्वीच त्यात पाणी अडविले गेले होते. या घटनेची रीतसर चौकशी झाली. तिच्या तांत्रिक तपशिलात जाण्याचे येथे प्रयोजन नाही. परंतु व्यावसायिक जडणघडणीच्या संदर्भात एक प्रश्न टाळता येत नाही. काम पुढे रेटण्याचा दबाव असताना 'थांबा' असे म्हणण्याचे शिक्षण अभियंत्याला कोठे मिळते? १८८४ मध्ये पांझरेच्या पात्रात एका तरुण अधिकाऱ्याने 'थांबू या' म्हटले, तेव्हा त्याला आज्ञापालनाचा धडा मिळाला. तेथे काम पुढे नेणे योग्य ठरले, परंतु प्रत्येक ठिकाणी ते योग्य असतेच असे नाही. आज्ञा केव्हा पाळावी आणि शंका केव्हा लेखी नोंदवावी, हा विवेक हाच अभियंत्याच्या पेशाचा गाभा आहे. दीर्घ काळ आपल्या अभ्यासक्रमांत या विवेकाला स्वतंत्र स्थान नव्हते.

१९६१ मध्येच शिकाऊ उमेदवारी कायदा संमत झाला. प्रारंभी तो कारागिरांच्या प्रशिक्षणापुरता होता. दरम्यान १९६६-६७ च्या मंदीत देशभर अभियंत्यांची बेकारी भेडसावू लागली आणि महाविद्यालयांतील प्रवेशसंख्या कमी करण्याची वेळ आली. या अनुभवानंतर १९७३ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन पदवीधर व पदविकाधारक अभियंत्यांचा त्यात समावेश झाला. एक वर्षाचे प्रत्यक्ष प्रशिक्षण, ठराविक विद्यावेतन आणि त्या विद्यावेतनाचा निम्मा भार केंद्र सरकारकडे, अशी ही योजना होती. पश्चिम विभागासाठी मुंबईतील प्रशिक्षण मंडळाकडे तिचे काम सोपविण्यात आले.

ही तरतूद महत्त्वाची होती, कारण तिने पदवीनंतरच्या पहिल्या वर्षाची जबाबदारी शासन, उद्योग व उमेदवार यांच्यात वाटून दिली. मात्र तिच्या मर्यादाही स्पष्ट होत्या. प्रशिक्षण संपल्यावर नोकरी देण्याचे बंधन मालकावर नव्हते आणि उमेदवाराला कामगाराचा दर्जा नव्हता. परिणामी, ज्या कारखान्यांत प्रशिक्षणाची परंपरा होती तेथेच ही योजना अर्थपूर्ण ठरली. टेल्कोने १९६६ च्या सुमारास पिंपरी-चिंचवड परिसरात प्रकल्पाची उभारणी सुरू केली, तेव्हा सुमंत मुळगावकर यांच्या नेतृत्वाखाली प्रशिक्षण विभागाला आरंभापासूनच महत्त्वाचे स्थान देण्यात आले होते. परंतु सर्वच कारखाने टेल्को नव्हते. वैद्यकीय पदवीधराला आंतरवासिता पूर्ण केल्याशिवाय स्वतंत्र व्यवसाय करता येत नाही. वकील व वास्तुविशारद यांच्या नोंदणीसाठी अनुक्रमे १९६१ व १९७२ चे केंद्रीय कायदे आहेत. अभियंत्यांसाठी असा सर्वव्यापी कायदा विसाव्या शतकात झाला नाही. त्यामुळे पदवी आणि पेशा यांच्यातील वर्ष कोणाच्याच मालकीचे राहिले नाही.

५. विनाअनुदानित महाविद्यालये आणि संगणकयुग

१९८३ मध्ये मुख्यमंत्री वसंतदादा पाटील यांच्या सरकारने खासगी विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. कर्नाटकात जाऊन देणगी भरणारा मराठी विद्यार्थी राज्यातच शिकू लागला, तालुक्यांच्या ठिकाणी महाविद्यालये उभी राहिली आणि अनेक कुटुंबांतील पहिला अभियंता या संस्थांतून निर्माण झाला. या निर्णयाचे हे श्रेय नाकारता येणार नाही. त्याच वेळी शिक्षणाचा खर्च शासनाकडून पालकांकडे सरकला. देणगीच्या प्रथेला आळा घालण्यासाठी राज्याला १९८७ मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला. त्याच वर्षी अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेला वैधानिक दर्जा मिळाला. महाविद्यालयांची संख्या ज्या गतीने वाढली, त्या गतीने अनुभवी अध्यापक, सुसज्ज कर्मशाळा व जवळपासचे कारखाने उपलब्ध झाले नाहीत. औद्योगिक भेट ही अनेक ठिकाणी एका दिवसाची सहल ठरली.

१९९० च्या दशकात संगणक-सेवा उद्योगाने नोकरभरतीचे स्वरूपच बदलले. स्थापत्य असो वा यंत्र, कोणत्याही शाखेचा पदवीधर घ्यावा आणि काही महिने स्वतःच्या केंद्रात शिकवून कामाला लावावा, ही पद्धत रूढ झाली. अंतिम वर्षात महाविद्यालयाच्या आवारातच मुलाखती होऊ लागल्या. शाखेचे सखोल ज्ञान मागे पडून तर्कचाचणी, गटचर्चा व इंग्रजी संभाषण यांना महत्त्व आले. २००५ मध्ये नॅसकॉम व मॅकिन्झी यांच्या अहवालात भारतातील सुमारे २५ टक्केच तंत्रपदवीधर बहुराष्ट्रीय कंपन्यांत नोकरीस योग्य असल्याचे म्हटले गेले आणि 'रोजगारक्षमता' हा शब्द सर्वतोमुखी झाला. हा आकडा एका विशिष्ट प्रकारच्या नोकरीसाठी होता, ही बाब मात्र चर्चेत हरवली. अभियंता म्हणून सक्षम असणे आणि बहुराष्ट्रीय कंपनीच्या मुलाखतीत उत्तीर्ण होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

याचा सर्वाधिक फटका ग्रामीण भागातून, मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याला बसला. बारावीपर्यंत गणितात अग्रेसर असलेला हा विद्यार्थी गटचर्चेत गप्प राहतो आणि त्याचे मौन हे अज्ञान समजले जाते. त्यावर उपाय म्हणून खासगी वर्गांचे एक नवे क्षेत्र उदयास आले. अशा रीतीने पूर्वी जे खात्याने किंवा कारखान्याने पगार देऊन शिकविले, त्यासाठी आता विद्यार्थ्यालाच शुल्क भरावे लागू लागले.

६. एकविसाव्या शतकातील धोरणे

राष्ट्रीय मूल्यांकन मंडळाची स्थापना १९९४ मध्ये झाली होती. २०१४ मध्ये भारत वॉशिंग्टन कराराचा पूर्ण सदस्य झाला. यामुळे पदवीधराच्या अपेक्षित गुणांत तांत्रिक ज्ञानाबरोबरच नीतिमत्ता, सांघिक कार्य, संवाद, पर्यावरणभान व आजीवन अध्ययन यांचा औपचारिक समावेश झाला. २०१८ च्या आदर्श अभ्यासक्रमात परिषदेने एकूण श्रेयांक १६० पर्यंत आणून प्रत्यक्ष कार्यानुभवाला अनिवार्य स्थान दिले. २०२१ मध्ये मराठीसह काही भारतीय भाषांतून अभियांत्रिकी शिकविण्यास परवानगी देण्यात आली आणि जर्व्हिस यांनी सुमारे दोन शतकांपूर्वी केलेला प्रयोग नव्या संदर्भात पुन्हा समोर आला.

कागदावरील या तरतुदी स्वागतार्ह आहेत. परंतु कार्यानुभव अनिवार्य केला म्हणून कार्यानुभव देणारे कारखाने आपोआप निर्माण होत नाहीत. त्यासाठी महाविद्यालयाने अधिकाऱ्यांशी वर्षानुवर्षे संबंध जोपासावे लागतात. अन्यथा प्रमाणपत्र मिळते आणि अनुभव राहून जातो.

निष्कर्ष :

१) अभियंत्याच्या व्यावसायिक जडणघडणीचा प्रश्न महाराष्ट्रात किमान १८५४ पासून अस्तित्वात आहे. तो केवळ जागतिकीकरणाची निर्मिती नाही.
२) या जडणघडणीची जबाबदारी प्रथम सरकारी खात्याकडे, नंतर उद्योगाकडे, १९७३ नंतर काही अंशी शासन व उद्योग या दोघांकडे आणि १९८३ नंतर क्रमशः विद्यार्थी व पालकांकडे सरकत गेली.
३) जेथे नवशिक्याला पगारी अथवा विद्यावेतनी स्वरूपात चुका करण्याची व सुधारण्याची मुभा मिळाली, तेथे सक्षम अभियंते घडण्यास अनुकूल स्थिती निर्माण झाली.
४) संभाषणकौशल्यावरील एकांगी भर हा व्यावसायिक शिक्षणाचा पर्याय ठरू शकत नाही. शंका नोंदविण्याचे धैर्य, अहवाललेखन व खर्चाचे भान यांनाही समान महत्त्व देणे आवश्यक आहे.
५) मातृभाषेतील आकलन आणि इंग्रजीतील व्यवहार हे परस्परविरोधी नसून पूरक आहेत.

समारोप :

इतिहासाच्या अभ्यासातून आजच्या प्रश्नांची तयार उत्तरे मिळत नाहीत, मात्र प्रश्न कोणाला विचारावा हे उमगते. 'विद्यार्थी नोकरीस लायक का नाही?' असे विचारताना सारा रोख विद्यार्थ्यावर राहतो. 'त्याला लायक होण्यासाठी लागणारे पहिले वर्ष त्याला कोण देणार?' असे विचारल्यास शासन, उद्योग आणि महाविद्यालय या तिघांनाही उत्तर द्यावे लागते. तालुक्याच्या ठिकाणी शिकणाऱ्या विद्यार्थ्याला जवळचा साखर कारखाना, पाटबंधारे विभाग, नगरपरिषदेचे जलशुद्धीकरण केंद्र किंवा वीज उपकेंद्र हीच प्रशिक्षणाची शाळा ठरू शकते. तेथे त्याने सहा महिने दैनंदिनी लिहावी, मोजमापे घ्यावीत, आधी मराठीत समजून घ्यावे व मग इंग्रजीत अहवाल मांडावा. यासाठी फार मोठ्या निधीची आवश्यकता नाही. आवश्यकता आहे ती नवशिक्याला आपला मानून हाताशी धरण्याच्या वृत्तीची. पांझरेच्या पात्रात वाळूशी झुंजणाऱ्या त्या तरुणाला अशी संधी मिळाली होती. ती आजच्या प्रत्येक होतकरू विद्यार्थ्याला मिळावी, एवढीच या अभ्यासामागील अपेक्षा आहे.